नाकारलेला महासंगणक आणि नाकारलेली माणसे

महासंगणकाचा विषय निघाला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९८०च्या दशकात भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचा मोठा महासंगणक हवा होता. त्याचा वापर अण्वस्त्रांसाठी होईल या संशयाने अमेरिकेने तो नाकारला आणि हवामान अंदाजासाठी कमी ताकदीचे यंत्र दिल्लीला दिले. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली, नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. ही गोष्ट खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण सातारा-सांगलीतल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी ती इथेच थांबवू नये, असे आमचे म्हणणे आहे.

आधी त्या कामाचे मोल समजून घेऊ. क्रेची ताकद मोजक्या, अतिवेगवान आणि महागड्या प्रोसेसरमध्ये होती. सी-डॅकने दुसरी वाट धरली. मोठे गणित तुकड्यांत वाटायचे आणि अनेक साध्या प्रोसेसरनी ते एकाच वेळी सोडवायचे. यालाच समांतर संगणन म्हणतात. ‘परम ८०००’मध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप होत्या. प्रत्येक चिपला शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी चार जोडण्या होत्या. चिप बाहेरून विकत आणली, पण त्या सगळ्यांना एकत्र राबवणारी रचना आणि सॉफ्टवेअर इथल्या अभियंत्यांनी घडवले. त्याआधी १९८६ साली बंगळुरूच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर यंत्र बनले होते. भाभा अणुसंशोधन केंद्रानेही ‘अनुपम’ बनवला. तेव्हा हा कुणा एकाचा चमत्कार मानू नका. जनतेच्या पैशावर अनेकांनी केलेले ते सामूहिक काम आहे. भटकरांचे श्रेय त्याने कमी होत नाही.

या शास्त्राची एक मर्यादा आपल्या भागातल्या माणसाला उसाच्या फडात दिसेल. वीस कोयते एकदम चालले तर ऊस भराभर तुटतो. पण कारखान्यावर वजनकाटा एकच असेल तर सगळ्या गाड्या तिथे रांगेत उभ्या राहतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली हेच मांडले. कामाचा दहावा हिस्सा जरी वाटता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावूनही वेग दहापटीपुढे जात नाही.

आता आमचा प्रश्न. या देशाच्या ज्ञानाच्या गाड्या कोणत्या काट्यावर अडल्या?

उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. साताऱ्यात राहणारे लहानगे भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान मिळेना. शेवटी भाडे दुप्पट ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान सोबत चालणार. वाटेत पाणीही मिळाले नाही. अमेरिकेने नाकारले म्हणून देशाने स्वतःचे यंत्र बनवले, याची पाने भरून स्तुती होते. ज्या मुलांना याच देशाने नाकारले आणि त्यांनी स्वतः बैल हाकले, त्यांची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात कुठे असते?

बाबासाहेबांनी ही अडचण नेमकी ओळखली होती. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, त्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, देशातही आणि परदेशातही. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाज वर येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. भारतात संगणक यायला तेव्हा अजून कित्येक वर्षे होती.

इथे कुणीतरी म्हणेलच, विज्ञानात गुणवत्ता बघा, जात कशाला आणता? आम्ही विचारतो, अमेरिकेने यंत्र नाकारले तेव्हा भारताची गुणवत्ता कमी होती का? गुणवत्ता होतीच, अडवणूक होती. ती मोडायला सरकारने संस्था उभारली, पैसा दिला, माणसे नेमली आणि मुदत ठरवून दिली. नाकारलेल्या देशाला जे दिले, तेच नाकारलेल्या समाजाला द्यायचे म्हटले की ती खिरापत कशी होते?

दर हंगामात बीडकडून कोयता घेऊन येणारी कुटुंबे आपल्या कारखान्यांच्या तळावर उतरतात. त्यांच्या मुलांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यात सुटते. माण, खटाव, जत, आटपाडीच्या वस्त्यांतल्या मुलींना संगणक दिसतो तो बहुधा दुसऱ्याच्या हातात. उद्याची चिप रचणारे डोके यांच्यातही आहे. कार्यकर्त्यांनी यंदा जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढावा, वस्तीत संगणक आणि गणिताचा वर्ग सुरू करावा आणि रखडलेल्या शिष्यवृत्तीचा हिशेब समाजकल्याण कार्यालयात जाऊन मागावा. गाडी हाकायला आपण शिकलोच आहोत. आता वजनकाट्यावर आपला माणूस बसला पाहिजे.

जयभीम.