विद्यार्थी लेखनातील वाङ्मयचौर्य : स्वरूप, नियम आणि टाळण्याचे मार्ग

लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याची वेळ जवळ आली की विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न वारंवार येतो : साम्य किती टक्के निघाले? तपासणी प्रणालीने दिलेला आकडा दहाच्या आत असला की काम फत्ते झाले असे मानले जाते. तो पुढे गेला की वाक्यांतील शब्द मागेपुढे करून, समानार्थी शब्द पेरून तो खाली आणण्याची धडपड सुरू होते. या धडपडीत मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो. लेखनातले विद्यार्थ्याचे स्वतःचे काय आणि दुसऱ्याकडून घेतलेले काय, हे वाचकाला स्पष्ट कळते का, हा तो प्रश्न होय. वाङ्मयचौर्याची खरी कसोटी हीच आहे आणि ती टक्केवारीत मावत नाही.

वाङ्मयचौर्य म्हणजे काय?

दुसऱ्याचे शब्द, विचार, युक्तिवाद, मांडणीचा क्रम, आकडेवारी, कोष्टके, नकाशे किंवा छायाचित्रे श्रेय न देता स्वतःची म्हणून सादर करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. त्यासाठी फसवणुकीचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. टिपण काढताना अवतरणचिन्ह राहून गेले आणि सहा महिन्यांनी तो मजकूर आपलाच समजून प्रकरणात घातला, तरी वाचकाच्या दृष्टीने परिणाम तोच होतो.

वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकाराचा भंग या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीचा प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० साली झाले, त्यामुळे त्यांचे ग्रंथ आज कोणीही छापू शकतो. परंतु त्यांचा परिच्छेद स्वतःच्या नावावर खपवणे हे आजही वाङ्मयचौर्यच ठरते. उलट, हयात लेखकाचे संपूर्ण पुस्तक त्याचे नाव ठळकपणे देऊन, पण परवानगीवाचून छापले, तर तेथे चौर्य नसले तरी प्रताधिकाराचा भंग होतो. पहिला प्रश्न प्रामाणिकपणाचा, तर दुसरा कायदेशीर हक्काचा आहे.

ही चिंता केवळ आधुनिक विद्यापीठांनी निर्माण केलेली नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण असे दोन भेद करून त्यांची सविस्तर चर्चा केली. अर्थ सर्वस्वी दुसऱ्याचा आणि केवळ शब्दरचना बदललेली, अशा काव्याला त्याने ‘प्रतिबिम्बकल्प’ म्हटले आणि ते त्याज्य ठरवले. शब्द बदलले म्हणजे लेखन आपले होत नाही, ही जाण आपल्या परंपरेत सहस्र वर्षांपूर्वीपासून आहे.

एक उदाहरण

गोव्याच्या जनमत कौलावर एखादा विद्यार्थी लघुप्रबंध लिहीत आहे, असे समजू. उदाहरणासाठी रचलेले पुढील वाक्य त्याला एका ग्रंथात आढळते : ‘जनमत कौलाच्या प्रचारात भाषेचा प्रश्न पुढे असला, तरी मतदाराच्या मनात जमीन, रोजगार आणि कारभार कोणाच्या हाती राहणार याची चिंता अधिक खोल होती.’

विद्यार्थी लिहितो : ‘जनमत कौलाच्या वेळी भाषेचा मुद्दा आघाडीवर होता, परंतु लोकांना जमिनी, नोकऱ्या आणि प्रशासन कोणाकडे जाणार याची काळजी जास्त वाटत होती.’ येथे जवळजवळ प्रत्येक शब्द बदललेला आहे. तपासणी प्रणालीला त्यात काही आढळेलच असे नाही. तरीही विचार, त्याचा क्रम आणि वाक्याचा सांगाडा मूळ लेखकाचाच आहे. त्याचे नाव नसल्याने हे वाङ्मयचौर्य होय.

योग्य लेखन असे असू शकेल : ‘जनमत कौलातील भाषावादाच्या मुळाशी जमीन, रोजगार व सत्तेचे प्रश्न होते, असे मत या लेखकाने मांडले आहे. पेडणे आणि सासष्टी या तालुक्यांतील मतदानाची तुलना करून हे मत कितपत टिकते, ते पुढे तपासले आहे.’ पहिल्या वाक्यात लेखकाचे नाव, वर्ष व पृष्ठक्रमांक येईल. दुसऱ्या वाक्यापासून विद्यार्थ्याचे स्वतःचे काम सुरू झाले, हेही वाचकाला कळेल.

प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यावा लागत नाही. जनमत कौल १६ जानेवारी १९६७ रोजी झाला, ही सर्वज्ञात माहिती आहे. गोव्यात संघप्रदेश कायम ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, हे सांगताना मात्र आकडे कोठून घेतले ते नोंदवणे इष्ट, कारण वाचकाला ते पडताळून पाहता आले पाहिजेत. त्या निकालाची कारणमीमांसा दुसऱ्या कोणाची असेल, तर संदर्भ अनिवार्यच ठरतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसमोरील विशेष अडचणी

गोवा, बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी विद्यार्थी बहुधा एकापेक्षा अधिक भाषांतून वाचन करतो. संदर्भग्रंथ इंग्रजी, कन्नड वा पोर्तुगीज आणि लेखन मराठीत, अशी स्थिती असते. इंग्रजी परिच्छेदाचे मराठीकरण करताना कष्ट पडतात, म्हणून तो मजकूर आपला झाला असे वाटू लागते. पण अनुवादाचे श्रम आपले असले तरी विचार आपला होत नाही. अनुवादित मजकूर जसाच्या तसा घेतला असेल तर तो अवतरणात द्यावा, मूळ ग्रंथाचा संदर्भ द्यावा आणि अनुवाद स्वतः केल्याची नोंद करावी.

दुय्यम संदर्भाची अडचणही नेहमीची आहे. पोर्तुगीज दफ्तरातील एखादा दस्तऐवज विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेला नसतो. एखाद्या इंग्रजी ग्रंथात त्याचा उल्लेख वाचलेला असतो. अशा वेळी तळटिपेत थेट दस्तऐवजाचा क्रमांक देणे म्हणजे न केलेल्या संशोधनाचे श्रेय घेणे होय. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे.

तपासणी प्रणालीच्या मर्यादाही मराठीत अधिक जाणवतात. अनेक जुनी मराठी पुस्तके संगणकावर उपलब्धच नाहीत, काही केवळ छायाप्रतींच्या रूपात आहेत, तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर प्रणालीला नीट वाचता येत नाही. त्यामुळे मराठी प्रबंधातील साम्य दोन टक्के निघाले, एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. उलट, रीतसर अवतरणे दिलेल्या प्रबंधाचा आकडा जास्त येऊ शकतो. अहवाल माणसाने वाचावा लागतो, तो याचसाठी.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासंबंधी विनियम जारी केले. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. चाळीसच्या वर साठ टक्क्यांपर्यंत असल्यास एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. साठ टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले, तर ती पदवी ठरावीक काळासाठी स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. प्रबंध चौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकालाही द्यावे लागते, म्हणजे जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची राहत नाही.

या मोजणीतून श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाण समीकरणे वगळली जातात. सलग चौदा शब्दांपर्यंतची सवलतही आहे, पण ती सर्वसामान्य ज्ञान व योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांपुरती. चौदा शब्द उचलण्याचा तो परवाना नव्हे.

हे विनियम पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंध आणि प्रकाशित लेखन यांना लागू आहेत. वर्गातील स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून वगळल्या आहेत. याचा अर्थ पदवी वर्गातील विद्यार्थ्याला मोकळीक आहे असा नाही. तेथे महाविद्यालयाचे स्वतःचे नियम आणि शिक्षकाचे मूल्यमापन लागू होते. शिवाय नक्कल करून प्रकल्प पूर्ण करण्याची सवय याच वयात जडते आणि पुढे प्रबंध लिहिताना ती सुटत नाही.

टाळण्याचे मार्ग

वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा लिहिताना नव्हे, तर टिपणे काढताना सुरू होते. म्हणून काळजीही तेथूनच घ्यावी. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ आधी लिहावे, मजकूर नंतर. जसेच्या तसे उतरवलेले शब्द त्याच क्षणी अवतरणचिन्हांत ठेवावेत. सारांश आणि स्वतःचे मत यांसाठी वेगळ्या रंगाची शाई किंवा वेगळे रकाने वापरावेत.

सारांश लिहिताना पुस्तक मिटावे आणि समजलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे. मग पुस्तक उघडून अर्थ बरोबर आला का आणि मूळ वाक्य नकळत उतरले का, हे दोन्ही तपासावे. पुस्तक मिटल्यावर काहीच लिहिता येत नसेल, तर तो भाग अजून समजलेला नाही. तो पुन्हा वाचणे हाच उपाय.

विश्वकोश, विकिपीडिया किंवा वृत्तपत्रांतील लेख यांनाही लेखक अथवा संपादक असतात. तेथील मजकूर सर्वांना खुला असला तरी श्रेय द्यावेच लागते. गटप्रकल्पात कोणी कोणता भाग लिहिला, याची नोंद ठेवावी. स्वतःचाच जुना निबंध नव्या विषयासाठी पुन्हा द्यायचा असल्यास शिक्षकाची आधी संमती घ्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मजकूर लिहवून घेणे हा या प्रश्नाचा नवा पैलू आहे. असा मजकूर शब्दशः कोठेही न सापडणारा असू शकतो, पण तो विद्यार्थ्याचा नसतो. शिवाय ही साधने अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे आणि लेखांचे संदर्भही बेधडक देतात. संस्थेचा नियम काय आहे ते आधी विचारावे, वापर केला असल्यास तो स्पष्ट नोंदवावा आणि ज्या ग्रंथाचे पान स्वतः पाहिलेले नाही, तो संदर्भसूचीत घालू नये.

प्रबंध सादर करण्यापूर्वी एखाद्या परिच्छेदाचा उगम आठवत नसेल, तर तो मार्गदर्शकाला दाखवावा आणि उगम सापडेपर्यंत बाजूला ठेवावा. एक परिच्छेद कमी झाल्याने प्रबंध उणा होत नाही, आणि त्या टप्प्यावर चूक दुरुस्त करण्यासाठी कोणत्याही समितीपुढे उभे राहावे लागत नाही.