वर्गाबाहेरचा विद्यार्थी

महाडचे नाव निघाले, की चवदार तळे आणि २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. परंतु त्या दिवसाचे एक मूळ एका शाळकरी मुलाच्या मनात होते, याची आठवण क्वचितच निघते.

रामचंद्र बाबाजी मोरे १९०३ साली महाडजवळच्या लाडवलीत जन्मले. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवली. तरी अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. एवढ्याशा पोराने काय करावे? त्याने पत्र लिहिले. ते वर्तमानपत्रात छापून आले आणि शाळेचे दार उघडले; तेही अर्धेच, कारण बसायची जागा वर्गाबाहेर!

असा अपमान रोज गिळताना कित्येकांची उमेद करपली असेल. मोऱ्यांची टिकली, ती निव्वळ अंगच्या चिवटपणाने नव्हे. त्यांचे दुःख कागदावर उतरले, कोणी ते छापले, कोणी वाचले. पुढे चोवीस वर्षांचे असताना महाडची परिषद भरवण्यात ते अग्रभागी होते. सोबतीला अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, म्हणजे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून परतलेला आणि १९२० साली पुन्हा जाऊन ते पुरे करणारा विद्यार्थीच!

आज महाडात आंबेडकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. महाड-पोलादपूरच्या मुलांना 'मन घट्ट करा' असे सांगणे सोपे. पण त्यांनी पत्र लिहिलेच, तर ते वाचणारा कोण, हेही वडीलधाऱ्यांनी पाहिले पाहिजे.