बाळंतपणातील रक्तस्राव थांबवणारी इंजेक्शने : उष्णता, साठवण आणि गुणवत्ता

बाळ जन्मल्यानंतर वार सुटते तेव्हा ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त मिळत असते. हा प्रवाह थांबवण्याचे काम गर्भाशयाचा स्नायूच करतो. तो घट्ट आवळला की त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पिशवी सैल राहिली तर रक्त वाहतच राहते. प्रसूतीनंतर २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेल्यास त्याला प्रसूतीपश्चात रक्तस्राव म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख स्त्रियांना हा त्रास होतो आणि हजारो स्त्रिया त्यात दगावतात. यातले बहुतेक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

हे टाळण्यासाठी प्रत्येक बाळंतिणीला बाळ जन्मल्याबरोबर ऑक्सिटोसिनचे १० युनिट इंजेक्शन द्यावे, अशी शिफारस आहे. औषध स्वस्त आहे, मिनिटांत काम करते आणि दुष्परिणाम कमी आहेत. अडचण त्याच्या साठवणीची आहे.

ऑक्सिटोसिन उष्णतेने का बिघडते?

ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांची साखळी असलेले संप्रेरक आहे. उष्णतेत ही साखळी हळूहळू मोडते आणि कुपीतले कामाचे औषध कमी होत जाते. म्हणून ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. कुपी थोडा वेळ बाहेर राहिली म्हणून लगेच निकामी होत नाही, पण झालेले नुकसान साठत जाते. गोदामात चार दिवस, टेम्पोत एक दुपार, लेबर रूमच्या ट्रेमध्ये आठवडाभर असे सगळे तास एकत्र मोजले जातात. नंतर फ्रीजमध्ये ठेवल्याने गेलेली ताकद परत येत नाही.

यातला सर्वांत वाईट भाग असा की हे डोळ्यांना दिसत नाही. बिघडलेले ऑक्सिटोसिनही पाण्यासारखे स्वच्छच असते. पोलिओ लशीच्या बाटलीवर उष्णतेने रंग बदलणारी खूण असते, तशी खूण ऑक्सिटोसिनच्या कुपीवर सहसा नसते. नर्सने इंजेक्शन वेळेवर दिलेले असते, नोंदही झालेली असते, तरी पिशवी आवळत नाही. मग दोष बाळंतिणीच्या ‘अशक्तपणा’ला दिला जातो.

हा प्रश्न किती मोठा आहे?

अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील ऑक्सिटोसिनच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. निकृष्ट नमुन्यांचे प्रमाण अभ्यासागणिक खूप बदलत होते, पण त्याचे मध्यमान ४५ टक्क्यांच्या आसपास निघाले. आफ्रिकेत ते आशियापेक्षा अधिक होते. घानामधल्या तीन जिल्ह्यांत दुकानांतून विकत घेतलेल्या कुप्यांच्या २०१२ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक नमुने निकषात बसले नाहीत. सगळा दोष उष्णतेचा नसतो. काही ठिकाणी कारखान्यातच औषध कमी भरलेले असते किंवा निर्जंतुकीकरण नीट झालेले नसते.

नायजेरियात अनेक आरोग्यसेविकांनी संशोधकांना सांगितले की औषधाचा भरवसा वाटत नाही म्हणून त्या जास्त मात्रा देतात. हेतू चांगला असला तरी ही सवय मला फार धोक्याची वाटते. कमजोर कुप्यांची सवय झालेल्या हातात एके दिवशी चांगली कुपी येते, आणि कळा वाढवण्यासाठी तीच दुप्पट मात्रा दिली तर गर्भाशय फाटू शकते, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो.

फ्रीज असूनही औषध बाहेर राहते याचे एक कारण अगदी कारकुनी आहे. बहुतेक गरीब देशांत चांगले फ्रीज लसीकरण विभागाचे असतात, आणि तिथे ‘दुसरे काही ठेवू नये’ असा नियम पाळला जातो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी यांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की ऑक्सिटोसिन कायम २ ते ८ अंशांतच ठेवावे आणि लशींच्या शीतसाखळीत त्याला जागा द्यावी. लस आणि ऑक्सिटोसिन यांची अदलाबदल होऊ नये म्हणून डबे वेगळे व नाव ठळक हवे, एवढीच काळजी पुरते. काही कंपन्यांच्या कुपीवर २५ किंवा ३० अंशांपर्यंत चालेल असे छापलेले असते. त्यामुळेही गोंधळ होतो.

भारतातही ऑक्सिटोसिनची वेगळीच गोष्ट आहे. गाई-म्हशी पान्हवण्यासाठी त्याचा बेकायदा वापर होतो, म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशांतर्गत विक्रीसाठी ते बनवण्यास मनाई केली आणि उत्पादन कर्नाटकातील एका सरकारी कंपनीपुरते ठेवले. बाळंतिणींना औषध कमी पडेल अशी हरकत घेतली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. गोठ्यात वापरली जाणारी बिनलेबलची बाटली कोणत्याही कारणाने बाळंतिणीसाठी वापरू नये.

इतर औषधांचे काय?

मेथिलअर्गोमेट्रिन, म्हणजे मेथर्जिन, उष्णतेसोबत प्रकाशानेही बिघडते. त्याचा रंग बदललेला दिसला तर ते वापरायचे नाही. बीपी वाढलेल्या स्त्रीला ते देत नाहीत, म्हणून गरोदरपणात बीपी होते हे बाळंतपणाच्या वेळी आठवणीने सांगावे. मिसोप्रोस्टॉल ही गोळी असल्याने फ्रीज लागत नाही, पण दमटपणा तिला सोसत नाही. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या पाकिटातून ती आयत्या वेळीच काढावी. या गोळीने थंडी वाजून ताप येऊ शकतो.

कार्बेटोसिनचा उष्णता सोसणारा प्रकार हा अलीकडचा मोठा दिलासा आहे. तो ३० अंशांत तीन वर्षे टिकतो. भारतासह दहा देशांतील जवळपास ३० हजार स्त्रियांवरील चाचणीत, नीट थंड ठेवलेल्या ऑक्सिटोसिनपेक्षा तो कमी पडला नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी तो आवश्यक औषधांच्या जागतिक यादीत आला. मात्र त्याची शिफारस रक्तस्राव होऊ नये यासाठी आहे. कळा आणण्यासाठी तो वापरत नाहीत. रक्तस्राव सुरू झाल्यावर दिले जाणारे ट्रानेक्झामिक आम्ल आणि झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट या दोन्हींना फ्रीजची गरज नसते.

घरच्यांनी काय पाहावे?

लेबर रूममधले फ्रीज तपासणे हे नातेवाइकांचे काम नव्हे. पण ‘मेडिकलमधून इंजेक्शन आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली की शीतसाखळीचा एक दुवा तुमच्याकडे येतो. परवाना असलेल्या दुकानातून, बिल घेऊन खरेदी करा. कुपी तुमच्यासमोर फ्रीजमधून काढली जाते का ते पाहा, मुदत वाचा. बर्फाची पिशवी मागून घ्या, पण कुपी कागदात किंवा रुमालात गुंडाळा, कारण थेट बर्फाला चिकटून ती गोठता कामा नये. उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मध्ये कुठेही न थांबता नर्सच्या हातात द्या. आरएच निगेटिव्ह मातेला लागणारे अँटी-डी इंजेक्शनही असेच आणायचे असते. मात्र रक्तस्राव सुरू असताना दुकाने फिरत बसू नये, जवळ मिळेल तिथून आणावे.

गरोदरपणातल्या मधुमेहासाठी इन्सुलिन घरी असेल तर न उघडलेली बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी, फ्रीजरमध्ये कधीच नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुधा चार आठवडे सावलीत, गार जागी चालते. नेमका काळ पाकिटावर पाहा. फ्रीज नसेल तर ओल्या मडक्याचा उपयोग होतो. ऑक्सिटोसिनसाठी मात्र मडके पुरत नाही, कारण ते ८ अंशांपर्यंत उतरत नाही.

घरी किंवा वाटेत कुणाकडून ‘कळांचे इंजेक्शन’ टोचून घेऊ नका. त्यावर लक्ष ठेवायला यंत्र आणि माणूस दोन्ही लागतात.

घरी आल्यावर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर, धडधड किंवा अंग गार पडणे असेल तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात न्या. ट्रानेक्झामिक आम्लाचा फायदा रक्तस्राव मानला जाणाऱ्या बाळंतपणानंतर पहिल्या तीन तासांतच होतो, त्यामुळे ‘सकाळी बघू’ म्हणून थांबू नये.