साऱ्यावरचा आणा आणि गावची शाळा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे जाऊ लागले म्हणजे भीमेच्या, अर्थात आता उजनी धरणाच्या फुगवट्याच्या, आसपास डाळज लागते. महसुली दप्तरात मात्र हे एक गाव नसून नं. १, नं. २ आणि नं. ३ अशी तीन गावे आहेत. अशा गावांतून दिसणारी जिल्हा परिषदेची कौलारू अथवा पत्र्याची शाळा 'सरकारने दिली', असे बोलण्याचा प्रघात आहे. या भागाचा महसुली इतिहास जो लक्षपूर्वक वाचील, त्याला मात्र ही भाषा खटकल्यावाचून राहणार नाही. कारण ही शाळा प्रथम उभी राहिली ती रयतेने भरलेल्या साऱ्याच्या आधाराने.

पेशवाईअखेर व इंग्रजी अमलाच्या आरंभी मोठ्या गावांतून पंतोजींच्या शाळा असत. धूळपाटीवर मुळाक्षरे, पाढे, पावकी-निमकी-सवाईकी यांची उजळणी आणि मोडीचा कित्ता एवढा त्यांचा अभ्यासक्रम असून, पालकांकडून मिळणाऱ्या धान्यावर व किरकोळ पैशांवर पंतोजींचा योगक्षेम चाले. हिशेब ज्यांच्या घरी परंपरेने होता त्यांचीच मुले बहुधा तेथे बसत. कुणब्याची थोडी, अस्पृश्याची मुळीच नाहीत.

पुढे जे घडले त्याचे मूळ इंदापूरच्या जमिनीत आहे. प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने आधी केलेली साऱ्याची आकारणी इतकी जड व सदोष ठरली की तालुक्यात शेते पडीक पडू लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली इंदापुरात नव्याने पाहणी केली, जमिनीची प्रत ठरवून शेतवार आकार बसविला व तो तीस वर्षे कायम राहील असे जाहीर केले. पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरलेल्या रयतवारी पाहणीचा हा पहिला धडा होय. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ साली विद्याखाते निघाले खरे, परंतु खेड्यापाड्यांत शाळा घालण्याइतका पैसा त्यापाशी नव्हता. तो पैसा १८६३ पासून साऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकलफंड' बसवून उभा करण्यात आला आणि १८६९ च्या कायद्याने त्यास अधिष्ठान मिळाले. त्या आण्याचा दोन तृतीयांश भाग रस्त्यांकडे व एक तृतीयांश शाळांकडे जाई. म्हणजे ज्या आकारावर इंदापूरच्या कुणब्याचे वर्ष अवलंबून असे, त्याच आकाराच्या प्रमाणात त्याने शाळेचीही पट्टी भरली, मग त्याचे मूल शाळेत जावो अथवा न जावो.

व्यवस्था अशी असे: कुळकर्णी साऱ्याबरोबर फंड वसूल करी, रक्कम मामलेदाराच्या खजिन्यातून जिल्ह्याच्या कमिटीकडे जाई आणि त्या कमिटीच्या शिरोभागी कलेक्टर असे. मास्तर नेमणे, क्रमिक पुस्तके ठरविणे, परीक्षा घेणे ही कामे विद्याखात्याची. त्यात डायरेक्टर, इन्स्पेक्टर व डेप्युटी अशी उतरंड असून खेड्याला प्रत्यक्ष दर्शन घडे ते डेप्युटीचे. त्याची फेरी आली म्हणजे हजेरीपट तपासला जाई, मुलांकडून वाचून घेतले जाई आणि शेरेबुकात चार ओळी पडत. मास्तरांची बढती त्या ओळींवर असे. गावाने करायचे ते एवढेच की देऊळ, चावडी किंवा धर्मशाळा यांपैकी एखादी जागा मोकळी करून द्यायची. देवळात शाळा भरली म्हणजे महाराच्या मुलाला उंबरठा बंद झाला, याचा विचार त्या सोयीत कोणी केला नाही. धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा सरकारी पैशाच्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्या पाहिजेत हे तत्त्व वरिष्ठांनी मान्य केले. खेड्यात ते उतरण्यास पिढ्या लागल्या.

या शाळेची गरज किती तीव्र होती हे १८७५ च्या मे महिन्यात जवळच कळून आले. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे १२ मे रोजी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील खते व रोखे बाहेर काढून जाळले. ज्या कागदाने जमीन गेली तो कागद वाचता येत नसावा, आणि तरीही त्यावर निशाणी करणे प्राप्त व्हावे, ही स्थिती त्या आगीच्या मागे होती. चौकशी कमिशन बसले. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला आणि रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहून घ्यावेत अशी तजवीज त्यात आली.

तीन वर्षांनी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले ते या पार्श्वभूमीवर वाचावे, असे मला फार वाटते. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि विद्येचा लाभ वरचे वर्ग घेतात, ही त्यांची तक्रार सर्वश्रुत आहे. परंतु शाळा कशी असावी याविषयीची त्यांची बारीक सूचना त्याहून थोर आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे असावे. मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतकी, नीती व आरोग्य यांचे धडे असावेत. मास्तर शेतकरी वर्गातला, प्रसंगी नांगर धरणारा असावा, त्याला निदान बारा रुपये पगार मिळावा. आणि गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल, स्टँपविक्री अशी कामे त्याच्याकडे देऊन त्याचा दर्जा वाढवावा. जो माणूस मुलाला अक्षर शिकवितो तोच बापाचा दस्त नोंदवील, या योजनेत सुप्याच्या आगीवरचा खरा उपाय होता. तो सरकारने स्वीकारला नाही.

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतात. १८८४ मध्ये लोकलबोर्डे आली. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ साली कौन्सिलात दाखल होऊन पुढल्या वर्षी नामंजूर झाले. शाहू छत्रपतींनी मात्र १९१७ साली कोल्हापुरात ते तत्त्व अमलात आणले. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूलबोर्डांची नवी घडी बसली, आणि १ मे १९६२ पासून हा सारा कारभार जिल्हा परिषदेकडे गेला.

या सगळ्या स्थित्यंतरांत टिकून राहिले ते शाळेतील जनरल रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस असे त्याचे रकाने. जुन्या पानांवर मोडीचे वळण, पुढे बालबोध. ज्या आईबापांना तारीख ठाऊक नसे त्यांच्या मुलाला मास्तर शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून तारीख देत, म्हणून खेड्यातील असंख्य माणसांचा वाढदिवस अद्याप १ जूनच आहे. अलीकडे मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे याच रजिस्टरांवर वाकून बसले. उजनीच्या बुडिताखाली भीमाकाठची गावठाणे गेली, चावडी, देवळे, आड पाण्यात गेले. नव्या गावठाणात शाळा पुन्हा भरली ती जुन्या शाळेच्याच नावाने व हक्काने.

अशा भूमीत वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा मोडून त्यांची समूह शाळा करण्याचा विचार २०२३ साली पुढे आला, तेव्हा खर्च आणि पट यांचेच गणित मांडले गेले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पीक बुडाले तरी साऱ्याबरोबर शाळेचा आणा भरला, त्यांच्या ग्रामसभेचा ठराव घेतल्यावाचून त्या शाळेला कुलूप लावण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला नसावा, आणि मूल पायी जाईल एवढ्या अंतरावरची शाळा केवळ पट घटला म्हणून बंद होऊ नये.