रेडिएटरमधले पुट

ढाणकीला आम्ही कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या एका जुन्या प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर धुतला. तळाची तोटी उघडताच तांबूस पाणी आले, मागोमाग पांढऱ्या कपच्या. एकीवर लिंबू पिळले, ती फसफसली!

कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीत इंजिनभोवतीचे पाणी वाफ होऊन उडून जाई, वाटेत सारखे भरावे लागे. १९०० मध्ये विल्हेल्म मायबाखने हजारो बारीक चौकोनी नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. नळ्यांतून हवा आणि त्यांमधल्या फटींतून पाणी. तेच पाणी निवून पुन्हा फिरू लागले. पद्मिनीत उलट, नळ्यांतून पाणी आणि बाहेरून हवा. वाटा मात्र तशाच अरुंद, म्हणून तुंबणाऱ्या.

खडकातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते. तापल्यावर त्याचे अविद्राव्य कार्बोनेट होऊन धातूला चिकटते. एकदा भरलेले पाणी एकदाच पुट देते. गळका रेडिएटर दर भरणीला नवे कॅल्शियम घेतो. आधी गळती बुजवावी, हे आम्हांला उशिरा सुचले.

इंजिन मात्र रात्रभर निवू दिले होते. तापलेले झाकण उघडले तर पाणी उसळून तोंड भाजते. ग्लायकॉलयुक्त शीतक असेल तर धुवण बादलीतच धरावे. ते चवीला गोड आणि गुरांना विषारी असते.