दंड कोणाला? पालकाला की शाळेला?

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी आमच्या मोहल्ल्यातल्या काही मुलांचे आरटीईचे अर्ज भरून देत होतो. दरवर्षीचेच काम. पालकांचे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत, त्यामुळे खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी मूल पात्र. त्या वर्षी मात्र शाळांची यादी उघडली आणि जवळपासच्या इंग्रजी शाळा त्यात दिसेनात. उरल्या होत्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा. शेजारी बसलेली मुलाची आई म्हणाली, "भाई, ही तर आपल्या गल्लीतलीच शाळा. इथं घालायला फॉर्म कशाला पाहिजे?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे ती मांडली. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. ब्रिटिश मुलखात मात्र सरकार तयार नव्हते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते फार जहालही नव्हते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरते, आणि तेही जिथली स्थानिक संस्था मागेल तिथेच. वर्षभराने, १९ मार्च १९१२ रोजी, ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी बॅरिस्टर जीनाही होते. पुढचे जीना आपल्याला एवढे ठाऊक असतात की हे जीना कोणाला आठवत नाहीत.

दिल्ली-कलकत्त्याला जे जमले नाही ते १९१७ मध्ये कोल्हापुरात झाले. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मोफतही केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आज ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुकाचीच आहे. तरी दंड कोणाला होता, हे पाहण्यासारखे आहे. तो पालकाला होता. मूल शाळेत येत नाही ते बाप पाठवत नाही म्हणून, असे कायदा धरून चालला होता. गुरे राखणाऱ्या पोराच्या मजुरीवर घर चालते हे महाराजांना माहीत होते, म्हणून त्यांनी आधी फी काढून टाकली. पुढच्या कायद्यांनी सक्ती उचलली, पण तो कळवळा उचलला नाही. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ मध्येही पालकावर हजेरीचा हुकूम काढण्याची आणि न ऐकल्यास दंडाची तरतूद आहे. ती फारशी वापरली गेली नाही, पण 'अडाणी आई-बाप' हा समज टिकून राहिला. मुसलमान पालकांच्या बाबतीत तर तो जास्तच टिकला: "यांनाच शिक्षण नको असते."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे उलटे केले. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात 'सक्ती' या शब्दाचा अर्थच सरकारवरची जबाबदारी असा दिला आहे. मुलाला शाळेत घालणे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यासाठी शिक्षा एकही नाही. दंड आहे तो शाळेला. प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-बापाची मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. आणि खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. आमच्या मुलांना ही जागा मुसलमान म्हणून मिळत नाही. ती परिसरातले गरीब मूल म्हणून मिळते. माझ्या मते हीच तिची किंमत आहे.

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने या तरतुदीलाच बगल दिली. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट मिळाली. शहरात एवढ्या अंतरात सरकारी शाळा नाही असे ठिकाण सापडणे कठीण. शासनाकडून परतावा थकतो, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. पण थकबाकी सरकारची आणि भुर्दंड मुलाला, हा कुठला न्याय? पालक न्यायालयात गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. नियम मूळ कायद्याच्या वर जाऊ शकत नाही, हा त्यातला मुद्दा. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. त्या आईच्या मुलाला प्रवेश मिळाला, पण शाळा जूनमध्येच सुरू झाली होती.

आता थोडे स्वतःकडे. २०१४ च्या 'प्रमती' निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही. घटनेच्या कलम ३० चे रक्षण हा त्यामागचा हेतू, आणि ते कलम मला मोलाचे वाटते. पण आपल्या समाजाच्या ज्या संस्था भरघोस फी घेऊन इंग्रजी शाळा चालवतात, त्यांच्या दारातून आपल्याच मोहल्ल्यातले गरीब मूल या सवलतीमुळे परत जाते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या याचिकेतून हे घडले. निकाल काय लागायचा तो लागो. पण २५ टक्के जागा स्वतःहून देण्यास कोणत्याही कायद्याने कधी मनाई केलेली नाही.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांसाठी शिक्षणसंस्था आणि वसतिगृह उभे केले. सक्तीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. कायदा सांगेल तेव्हा बघू, असे ते म्हणाले नाहीत. आपल्या संस्थांनी एवढे जरी उचलले, तरी पुढच्या एप्रिलमध्ये त्या यादीत एखादी आपली शाळा मला दाखवता येईल.