लेव्स्की हे नाव : एका फुटबॉल क्लबाच्या अभ्यासाची प्रस्तावना

बल्गेरियाची राजधानी सोफिया येथील एका फुटबॉल क्लबाचे नाव सरकारने दोनदा काढून घेतले, एकदा त्याला दुसऱ्या क्लबाचे नाव जोडले आणि दर वेळी ते मूळ नाव परत आले. या क्लबाचा इतिहास वाचायला बसणाऱ्याने सामन्यांच्या निकालांआधी या नावाचा प्रवास समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. करंडक किती जिंकले याचे कोष्टक कुठेही मिळेल. एका नावासाठी इतकी ओढाताण का झाली, हे मात्र कोष्टकात सापडत नाही.

हे नाव वासिल लेव्स्की यांचे. १८३७ साली कार्लोवो गावी जन्मलेल्या या क्रांतिकारकाने ऑटोमन सत्तेविरुद्ध गावोगावी गुप्त समित्यांचे जाळे विणले. फेब्रुवारी १८७३ मध्ये सोफियात त्यांना फाशी देण्यात आले. पाच वर्षांनी, १८७८ मध्ये, स्वायत्त बल्गेरिया जन्माला आला. या नव्या राज्याने शाळांत व्यायाम शिकवण्यासाठी स्वित्झर्लंडमधून शिक्षक बोलावले आणि त्यांच्यापैकीच एकाने १८९४ साली वार्ना या बंदराच्या शहरात मुलांपुढे पहिल्यांदा फुटबॉल ठेवला. म्हणजे हा खेळ बल्गेरियात शिरला तो शाळेच्या दारातून. सोफियातील मुलांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या हायस्कुलातील विद्यार्थ्यांनी २४ मे १९१४ रोजी आपल्या संघाची रीतसर स्थापना केली, ती याच वाटेने. २४ मे हा संत सिरिल आणि संत मेथोडियस यांचा, अक्षरांचा आणि शिक्षणाचा सण. त्या पोरांनी विद्येच्या सणाला हुतात्म्याचे नाव घेतले. अभ्यासकाने या निवडीपाशी थोडे थांबावे. श्रीमंत आश्रयदाता किंवा राजघराणे यांच्याकडे न वळता त्यांनी फासावर गेलेल्या माणसाला आपलेसे केले होते.

पुढची दोन दशके बांधणीची होती. त्यांतली एक घटना माझ्या मते जितकी अभ्यासली जायला हवी तितकी अभ्यासली गेलेली नाही. १९२९ मध्ये पहिल्या संघातील बारा खेळाडूंनी विमा आणि मोबदल्याच्या मागणीसाठी मैदानात उतरायला नकार दिला. दुखापत झालेल्या खेळाडूच्या घरची चूल कशी पेटणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी या संपाकडे अवश्य वळावे. पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यानंतर, १९३३ मध्ये आले.

१९४४ नंतर बल्गेरिया सोव्हिएत छायेत गेला. १९४९ मध्ये सोव्हिएत रिवाजानुसार क्लबाचे नाव ‘दिनामो’ झाले. याच काळात, १९५३ साली, सोफियात उघडलेल्या राष्ट्रीय स्टेडियमला नाव मिळाले ‘वासिल लेव्स्की’! हुतात्म्याचे नाव राज्याच्या वास्तूला चालत होते, विद्यार्थ्यांनी काढलेल्या क्लबाला चालत नव्हते. पुतळ्यात आणि दगडात बसवलेला नायक सत्तेला सोयीचा असतो, कारण तो बोलत नाही. तेच नाव हजारो लोक दर आठवड्याला घसा फोडून घेऊ लागले की ते कुणाच्या ताब्यात राहत नाही. या विषयात येणाऱ्या तरुण संशोधकांना माझी पहिली विनंती हीच आहे, की १९४९ ते १९५६ ही वर्षे बारकाईने पाहावीत. स्टालिनोत्तर मोकळीक आल्यावर नाव परत मिळाले. १९६९ मध्ये स्पार्ताक सोफियाशी विलीनीकरण होऊन क्लब ‘लेव्स्की-स्पार्ताक’ झाला आणि गृहमंत्रालयाच्या छत्राखाली गेला.

समोर उभा राहिला सीएसकेए, १९४८ मध्ये स्थापन झालेला लष्कराचा क्लब. या दोघांच्या लढतीला बल्गेरियात ‘चिरंतन डर्बी’ म्हणतात. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये लेव्स्कीने ती ७-२ ने जिंकली. निळ्या जर्सीचे लोक आजही तो आकडा आदराने उच्चारतात. मात्र १९८५ च्या जूनमध्ये करंडकाच्या अंतिम सामन्यात खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने दोन्ही क्लब विसर्जित केले. लेव्स्कीचे झाले ‘वितोशा’, शहराशेजारच्या डोंगरावरून. सीएसकेएचे झाले ‘स्रेदेत्स’. लेव्स्कीचा गोलरक्षक बोरिस्लाव मिहाइलोव, सीएसकेएचा ख्रिस्तो स्तोइचकोव अशा खेळाडूंवर आजन्म बंदी आली. ती वर्षभरात उठली. हे दोघे आणि लेव्स्कीचा नास्को सिराकोव १९९४ च्या विश्वचषकात बल्गेरियाला चौथ्या स्थानापर्यंत घेऊन गेलेल्या संघात होते. कम्युनिस्ट राजवट कोसळताना क्लबाचे नावही परत आले.

गेओर्गी आस्पारुखोव यांच्याविषयी सविस्तर बोलल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. लोक त्यांना ‘गुन्दी’ म्हणत. १९४३ मध्ये सोफियात जन्मलेला हा आघाडीचा खेळाडू तीन विश्वचषक खेळला. उंचपुरा, हवेतल्या चेंडूवर हुकमत असलेला, वारंवार लाथा खाऊनही सहसा उलट न फिरणारा. २८ जून १९७१ च्या डर्बीत मात्र पंचांनी त्यांना बाहेर काढले. दोनच दिवसांनी वितिन्या घाटात मोटार अपघातात ते गेले. सोबत संघातला मित्र निकोला कोत्कोव होता, तोही गेला. गुन्दी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. अंत्ययात्रेला सोफियाचे रस्ते माणसांनी भरून वाहिले. क्लबाच्या मैदानाला, लोक ज्याला ‘गेरेना’ म्हणतात, आज त्यांचेच नाव आहे. परदेशी क्लबांनी त्यांना मागणी घातली आणि त्यांनी नकार दिला, अशा कथा तिथे घरोघरी सांगतात. त्या काळात बल्गेरियन खेळाडूला बाहेर जाण्याची मुभा जवळजवळ नव्हतीच, हे इतिहासकाराने ध्यानात ठेवावे. पण म्हणून त्या कथा बाजूला सारू नयेत. ज्या देशात माणसाला निवड करता येत नव्हती, तिथल्या लोकांनी आपल्या लाडक्या खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य बहाल केले. हा पुरावा मला कुठल्याही करारपत्राइतकाच मोलाचा वाटतो.

या क्लबाची स्मृती केवळ विजयांवर पोसलेली नाही. मार्च १९७६ मध्ये योहान क्रॉयफच्या बार्सेलोनाला सोफियात ५-४ असे हरवूनही लेव्स्की स्पर्धेबाहेर गेला, कारण पहिला सामना ०-४ गमावला होता. तरी तीच संध्याकाळ पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. २००६ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा लेव्स्की हा पहिला बल्गेरियन क्लब ठरला. तिथे सहाच्या सहा सामने तो हरला. एकुलता एक गोल दानिएल बोरिमिरोव यांनी चेल्सीविरुद्ध केला.

आता जे बोलायला जड जाते, तेही बोलले पाहिजे. २०१३ मध्ये नव्या प्रशिक्षकाच्या पत्रकार परिषदेत काही चाहते घुसले आणि तो सीएसकेएचा माणूस असल्याच्या समजातून त्यांनी त्याच्या अंगावरचा क्लबाचा शर्ट उतरवला. चाहत्यांच्या एका गटाकडून वंशद्वेषी घोषणा आणि नाझी चिन्हेही स्टेडियममध्ये आली आहेत. वासिल लेव्स्की यांच्या कल्पनेतल्या प्रजासत्ताकात बल्गेरियन, तुर्क, यहुदी सगळे कायद्यापुढे समान होते. त्यांचे नाव छातीवर मिरवणाऱ्या स्टँडमधून द्वेष उठतो तेव्हा क्लबाच्या स्थापनेवरच आघात होतो, असे माझे ठाम मत आहे. त्याच बाकांवरून दुसरेही काही घडले. २०२० मध्ये कर्जाने क्लब बुडायला आला, तेव्हा सिराकोव यांनी सूत्रे हाती घेतली आणि सामान्य चाहत्यांनी पदरमोड करून तो तगवला. हे दोन्ही समूह बहुधा शेजारी शेजारी बसतात, काही वेळा एकाच घरातून येतात. त्यांच्यात बसून, त्यांचे बल्गेरियन ऐकत, कुणालाही आधीच निकालात न काढता लिहिलेला अभ्यास मला वाचायचा आहे. तो कुणी हाती घेणार असेल, तर त्याचे या क्षेत्रात मनःपूर्वक स्वागत.